डावीकडे काय दिसतंय

प्रिय ब्रेकबाई,

गाडी विकलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तू रागारागाने का होईना, पण शेवटपर्यंत वाचशील. फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ उरलेला नाही. एकतर तू उचलत नाहीस, आणि उचललास तर 'बरं', 'बघू' आणि 'गाडीचं काय झालं' यापलीकडे जात नाहीस. परवा तर तुझ्या धाकट्या भावाने फोन घेतला आणि ताई झोपलीय म्हणाला, आणि काय सांगायचं ते तू मागून त्याला सांगत होतीस ते मला स्वच्छ ऐकू आलं. तो बिचारा लहानपणापासून खोटं बोलण्यात कच्चा. तेव्हा म्हटलं, आता पत्रच लिहावं.

तिकडे हवा मोकळी आहे, भावजय जपते, भाचरं जीव लावतात, सगळं मान्य. पण तू तिथे विश्रांतीला गेलेली नाहीस. तू रुसून गेली आहेस, आणि उपचार अर्धवट टाकून गेली आहेस. ऑपरेशन झालं, किमो झाली, आणि ते दुखणं पुन्हा फिरकू नये म्हणून जी इंजेक्शनं होती तीच तू मध्ये सोडलीस. जाताना गाडीची चावी माझ्या हातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "विकून टाक आणि ज्याचे त्याचे पैसे परत कर." मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. आरसा बघितल्याशिवाय कधी खुर्चीवरूनही न उठणारी बाई तू.

माझं ठीक चाललंय. पडद्यांची कामं आहेत, डाव्या खांद्याचं दुखणं आहे, शिलाई मशीन कुरकुरतं आणि मीही. दुकानासमोर तुझी गाडी झाकून उभी असते. येणारे जाणारे विचारतात, बाई कधी येणार. मी म्हणते, पडदा पडलेला नाही अजून, मध्यंतर आहे. विनोद फारसा चांगला नाही, पण गिऱ्हाइकांना चालतो.

तुला आठवतं का, शाळेत जाताना सायकल तुझी आणि कॅरिअर माझं. तुझ्या पाठीपलीकडचं मला काही दिसायचं नाही, म्हणून तू ओरडून सांगायचीस, खड्डा, कुत्रं, वळण, मास्तर. खड्डा म्हटलं की मी अंग उचलायचं, वळण म्हटलं की तुझ्याबरोबर कलायचं, आणि मास्तर म्हटलं की उडी मारून सोज्वळपणे पायी चालायला लागायचं, कारण डबलसीट शाळेत चालत नसे. एवढ्या वर्षांत आपण दोघींनी तेच केलं बघ. तू पुढे, मी मागे, आणि समोर काय येतंय ते तू मला आधी सांगायचीस. या आजाराचं तेवढं तुलाही आधी दिसलं नाही.

गाडी शिकवण्याचा धंदा काढलास तेव्हा लोक हसले होते. बाईमाणूस शिकवणार म्हणजे गाडी आणि शिकणारा दोन्ही खड्ड्यात, असं तुझ्या सख्ख्या काकांनी माझ्यादेखत म्हटलं होतं. पुढे त्याच काकांच्या तिन्ही सुना तुझ्याकडे शिकल्या. तुझी रीत तीच होती, सायकलवरची. चालवणाऱ्याने जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. डोळे सगळ्यांना असतात, पण बघितलं की नाही ते बोलल्याशिवाय मला कसं कळणार, असं तू म्हणायचीस, आणि कुणी जरा गप्प झालं की तुझा ठरलेला प्रश्न यायचा, डावीकडे काय दिसतंय? मग ती माणसं घाबरत घाबरत सांगायची, सायकल, दुधाची गाडी, पिशवीवाल्या आजी, त्या थांबणार नाहीत. तुझ्या हाताखालून गेलेले लोक अजून गाडीत एकटे असले तरी पुटपुटतात. घरच्यांना वाटतं, डोक्यावर परिणाम झालाय. पोरांनी तुझं नाव ब्रेकबाई ठेवलं, तुझ्या बाजूच्या त्या दुसऱ्या ब्रेकवरून. पण मी मागे बसून पाहिलंय, तो ब्रेक तू क्वचित दाबायचीस. पाय नुसता त्याच्यावर तयार असायचा, आणि शिकणाऱ्याला धीर यायचा तो त्या पायाचा.

गाठ निघाली तेव्हाही तू कुणाला कोड्यात ठेवलं नाहीस. मला कॅन्सर झालाय, शुक्रवारची शिकवणी शनिवारी, असं एका दमात सांगून मोकळी झालीस. केस गेले त्याचं तुला काही नव्हतं, उलट डोकं हलकं झालं म्हणालीस. पण किमोने पायाला मुंग्या यायला लागल्या, तळवे बधिर झाले, तेव्हा मी तुला पहिल्यांदा गप्प झालेलं पाहिलं. उभ्या गाडीत तू ब्रेकवर पाय ठेवून खाली बघत बसली होतीस. मग म्हणालीस, "पाय कुठे आहे ते मला आता बघून कळतंय. नवशिक्याला कुणाच्या भरवशावर बसवू?" त्याच दिवसापासून नव्या मुलांना दारातून परत पाठवायला लागलीस. गप्प राहिली असतीस तर कुणाला कळलं नसतं. विम्याने हात वर केले होते, औषधांचा खर्च आ वासून उभा होता, आणि तू आलेलं गिऱ्हाईक परत पाठवत होतीस. मला तुझा इतका अभिमान वाटला आणि तितकाच रागही आला. दोन्ही अजून तसेच आहेत.

मग गल्लीने पैसे गोळा केले. तुझ्या नाकावर माशी बसलेली चालत नाही, तिथे पाकीट काय टिकणार? ज्याचं त्याला परत केलंस, वर सगळ्यांना चहा पाजलास, म्हणजे मदतीपायी खर्चच वाढला. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर समाजसेविकेची खोली आहे, ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी तिथे जायचं. मी तुला त्या दारापर्यंत कितीदा नेलं. तू दारावरची पाटी वाचायचीस आणि लिफ्टकडे वळायचीस. हे गरजूंसाठी आहे, म्हणायचीस. अगं बाई, गरजू म्हणजे आणखी कसा असतो? त्याला काय शिंगं असतात?

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. म्हणून मग आम्ही जे आणता येतं ते आणलं. कल्पना माझी, हे तू ओळखलंच आहेस. ज्यांना तुझ्या ब्रेकची गरज नाही असे शिकाऊ हवे होते, म्हणजे ज्यांना गाडी येते असे. कधीकाळी तुझ्याकडे शिकून लायसन्स घेतलेल्यांना मी एकेक करून गाठलं. त्यांनी यायचं आणि म्हणायचं, सवय मोडलीय, भीती वाटते, पुन्हा हात बसवून द्या. शिकवणी तुझ्या इंजेक्शनच्या दिवशी, आणि रस्ता हॉस्पिटलचा, कारण त्या रस्त्याला चढ आहे, पूल आहे, मोठा चौक आहे, सगळं आहे. म्हणजे फीही मिळाली आणि टॅक्सीही वाचली. तुला ते पटलं. यांना पाय नको, नजर हवी, आणि नजर माझी शाबूत आहे, म्हणालीस. त्या दिवशी तू कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलीस. मी मनात म्हटलं, चला, साधलं.

पहिली आली बेकरीवाली वहिनी. काहीतरी भीती सांगायची म्हणून तिने पुलाची भीती सांगितली, आणि पुलावर चढल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती भीती खरीच होती. तिला स्वतःलाच माहीत नव्हती, कारण पावाची गाडी नेहमी नवऱ्याच्या हातात. तू विचारलंस, काय दिसतंय? ती म्हणाली, पाणी. तू म्हणालीस, "पाणी रस्त्यावर नाही. रस्त्यावरचं सांगा." पूल संपेपर्यंत ती विजेचे खांब मोजत होती. मग आली दातांची डॉक्टरीण. दुसऱ्याच्या तोंडात इतका हळुवार हात चालवणारी बाई गाडी मात्र अशी हाणायची, की ब्रेक आठवायचा तो समोरच्याच्या बंपरपाशी. तिच्याच दवाखान्याच्या पडद्यांची किनार मी तेव्हा मागच्या सीटवर बसून हाताने घालत होते. ती ब्रेक मारायची आणि माझा टाका वाकडा जायचा. ते पडदे आता तिथे लागलेत. जिथून टाके सरळ होत गेलेत तिथून ती सुधारली असं समजायचं.

आणि मग बसवाले दादा. एके काळी कंडक्टर होते, ड्रायव्हर व्हायचं होतं, तुझ्या अगदी सुरुवातीच्या शिष्यांपैकी. उभा जन्म शहराची बस चालवून निवृत्त झाले आणि तुझ्यासमोर येऊन म्हणाले, लहान गाडीची सवय नाही हो, घाबरायला होतं. मी त्यांना बजावलं होतं, जरा चुका करा. त्यांनी अतीच केलं. गाडी सुरू करता करता बंद पाडली, गिअर किरकिरवला, वळायचा दिवा लावायचा तर वायपर लावला. मी मागे पडद्याचं कापड तोंडात कोंबून हसत होते. तू मात्र शांतपणे विचारत होतीस, डावीकडे काय दिसतंय? ते समोरचं सांगायचे, उजवीकडचं सांगायचे, तू पुन्हा तेच विचारायचीस. मला वाटलं, सोंगाचाच भाग असेल. हॉस्पिटलच्या आवारात शिरलो तर मागून रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली, आणि बाजूला घ्यायला जागा होती ती खांब आणि पाण्याच्या टँकरच्या मधली, बोटभर. दादांचा हात विसरला की आपण नवशिके आहोत. एका हाताने चाक फिरवलं, एका झोकात गाडी मागे नेली, आणि अशी बसवली की मला टाळी वाजवावीशी वाटली. तेवढ्यावर भागलं असतं. पण सवयीने वर म्हणाले, "चला, उतरून घ्या, शेवटचा थांबा."

तू आरशातून माझ्याकडे पाहिलंस. ती नजर मी अजून विसरलेली नाही. मग दादांकडे वळून म्हणालीस, "गाडी सुंदर लावलीत. डावीकडचं मात्र एकदाही बोलला नाहीत. डोळे तपासून घ्या." आणि उतरून आत गेलीस. आम्हा दोघांना वाटलं, टोमणा मारलास. त्या दिवशीचं इंजेक्शन घेतलंस, आणि गाडी स्वतःची असून तिच्यात न बसता बसने घरी गेलीस. नंतर मला एवढंच म्हणालीस, की मी आयुष्यात न शिकवता फी घेतली नव्हती, तेही तुम्ही माझ्याकडून करवून घेतलंत. तुझ्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच होतं. आठवड्याच्या आत तू भावाकडे निघून गेलीस.

आता तू गेल्यानंतरचं ऐक. दादा चांगलेच दुखावले होते. इतकी वर्षं एक ओरखडा न पाडता बस चालवली आणि ही मला डोळे तपासायला सांगते, असं घरी दारी सांगत सुटले. त्यांच्या बायकोने आठवण करून दिली, की हल्ली डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप तुम्ही सारखा सांडता. तेव्हा तुला खोटं पाडायचं म्हणून ते तणतणत डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. काचबिंदू निघाला. डाव्या कडेचं दिसणं हळूहळू जात होतं, आणि समोरचं लख्ख दिसत असल्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता. गेलंय ते परत यायचं नाही, पण उरलंय ते वाचलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर दोन्ही बाजूंनी अंधार होता.

दादा माझ्या दुकानात आले, कापडाच्या ताग्यांमध्ये बसले आणि रडले. मी पाणी दिलं. जरा सावरल्यावर म्हणाले, "आमचं सोंग ओळखून बाई चिडली होती ना? चिडलेली असतानासुद्धा तिने माझा डोळा बघितला." मला पुढे मशीनवर बसवेना. तुझी मैत्रीण म्हणून इतकी वर्षं मिरवत आले, पण तू काय चीज आहेस ते मला त्या दुपारी कळलं. दुखणं अंगात, पाय बधिर, मन दुखावलेलं, बाजूला तुला फसवायला आलेला माणूस, आणि तू त्याला शिकवत होतीस. तुला दुसरं काही येतच नाही ग.

तू सांगितलंस म्हणून मी प्रत्येकाला विचारलं, तुमचे पैसे परत देऊ का? बेकरीवाली वहिनी हसली. ती आता नदीपलीकडच्या दुकानांना स्वतः पाव पोचवते, नवरा भट्टीजवळ बसतो. डॉक्टरीण आता इतक्या लवकर ब्रेक लावते, की मागचे वैतागून हॉर्न वाजवतात. ती म्हणाली, "ज्याचे पैसे दिले ते मला मिळालं. परत कशाचे घेऊ?" दादांना विचारायची माझी छाती झाली नाही. म्हणजे बघ, सोंग आमचं होतं, शिकवणी तुझी खरी होती. तू एकही पैसा फुकटचा घेतलेला नाहीस. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. तुला बरं वाटावं म्हणून काही केलं की काय होतं ते मी पाहिलंय, तेव्हा कानाला खडा.

आणि त्या तळमजल्यावरच्या दारातून मी आत जाऊन आले. तू पाटी वाचतेस ना, मी हँडल फिरवलं. समाजसेविका तिशीतली मुलगी आहे, गळ्यात चष्मा, टेबलावर वाळलेलं रोपटं. सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, लोक घरं विकून झाल्यावर माझ्याकडे येतात, आधी का येत नाहीत? इंजेक्शन बनवणारी कंपनी डॉक्टरांच्या शिफारशीवर काही डोस बिनपैशाने देते, आणि उरलेल्याचं बिल हॉस्पिटल हप्त्यांनी घेतं. त्यासाठी गरजू दिसावं लागत नाही, फक्त पेशंटने स्वतः तिच्यासमोर येऊन बसावं लागतं. ते हप्ते तुझ्या शिकवण्यांतून निघतील. लायसन्स असून घाबरणारी माणसं या शहरात काही कमी नाहीत, आणि तुझी चौकशी करणारे आता मी न गाठताही आपणहून येतात. डॉक्टरांनाही विचारलं. खंड पडलाय, पहिला डोस जरा मोठा द्यावा लागेल, पण वेळ गेलेली नाही. या महिन्यात मात्र आलंच पाहिजे, म्हणाले.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण. जन्मभर मागे बसून उंटावरून शेळ्या हाकल्या, पण तू गेलीस आणि तुझी गाडी दारात उभी राहिली, तेव्हा मला पुढच्या सीटवर बसावंसं वाटलं. बंद पडलेल्या बस डेपोच्या मैदानात दादांनी मला शिकवलं. त्यांना रस्त्यावर गाडी चालवायला मनाई आहे, दुसऱ्याला ओरडायला नाही. तुझ्या जागेवर बसून, तुझ्या ब्रेकवर पाय ठेवून ते सारखं विचारायचे, डावीकडे काय दिसतंय, मला तर दिसत नाही, तुम्हीच सांगा. रस्त्यावरचा सराव वहिनीने करून घेतला. परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाले, कारण घाबरून परीक्षकालाच 'डावीकडे जाडे गृहस्थ' म्हणाले. दुसऱ्या खेपेला लायसन्स मिळालं. येत्या रविवारी सकाळी मी तुझ्या गाडीने तुला न्यायला निघते आहे. वहिनी सोबत आहे, पूल तिचा, बाकी रस्ता माझा. परत येताना ती माझी शिलाई घेऊन मागे बसेल आणि तू तुझ्या जागी बसायचंस. मी नवशिकी आहे, पण लायसन्सवाली, म्हणजे तुझ्या नियमात बसते, आणि या वेळी सोंग नाही, फी तुझी नेहमीची घे. ब्रेकवर पाय ठेवलाच पाहिजे असं नाही. ठेवलास तर मला धीर येईल, बधिर असला तरी. मला तू हवी आहेस, ग. तुझ्या भावाच्या गल्लीत शिरताना मी काचा खाली ठेवणार आहे आणि सायकलवर तू ओरडायचीस तशी मोठ्याने बोलत येणार आहे, उजवीकडे किराणा दुकान, समोर दोन पोरं, चेंडू येईल, डावीकडे फाटक, फाटकात माझी मैत्रीण, बॅग भरून उभी. तेवढं शेवटचं मला खरं खरं म्हणता येईल असं कर.

तुझीच,
मागची सीट रिकामी करून आलेली
पडदेवाली